पाच स्पीकर, सहपत्रांसह

"विकत आणायचा प्रश्नच येत नाही," असं हेडक्लार्क म्हणाले, आणि त्यांच्या बायकोनं जेवणाच्या टेबलावरचा चांगला टेबलक्लॉथ मुकाट्यानं घडी करून कपाटात ठेवला. संसारातला अनुभव, दुसरं काय! या वाक्यापाठोपाठ पक्कड येते, पक्कडीपाठोपाठ चिकटपट्टी येते आणि शेवटी बाहेरून माणूस बोलवावा लागतो, हा क्रम तिला पाठ होता. मागे याच वाक्यानंतर दाराची बेल घरच्या घरी दुरुस्त झाली होती. तेव्हापासून दिवा लावला की बेल वाजायची आणि पाहुण्यानं बेल दाबली की दिवा जायचा. हेडक्लार्क तिला 'चालू स्थितीतली बेल' म्हणत.

हेडक्लार्क हे त्यांचं पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार विभागातलं पद. पण सगळी इमारत त्यांना त्याच नावानं हाक मारी, आणि त्यांनाही ते मनापासून आवडे. घरात त्यांना 'अहो', 'अरे' आणि 'दादा' असं म्हणणारी तीन माणसं होती. पैकी 'अहो' म्हणणारीनं टेबलक्लॉथ उचलला होता. 'अरे' म्हणणारे आप्पा, म्हणजे हेडक्लार्कांचे वडील, आपल्या खोलीचं दार लावून आत बसले होते. आणि 'दादा' म्हणणारी धाकटी बहीण दूर देशी नोकरीला होती. हा सगळा खटाटोप त्या दोघांसाठी चालला होता.

आप्पांची उभी नोकरी कोर्टात पुकारा करण्यात गेली. कोर्टाच्या दारात उभं राहायचं, पक्षकाराचं नाव घ्यायचं आणि 'हजर व्हा!' म्हणायचं. तीनदा. आवाज असा, की रस्त्यापलीकडे चहा पीत बसलेले भलत्याच खटल्यातले साक्षीदारसुद्धा कप खाली ठेवून उभे राहत. घरीही तीच पद्धत. जेवणाची ताटं मांडली की आप्पा खिडकीत उभे राहून "धाकटी, हजर व्हा!" असा पुकारा करायचे. मैदानात खेळणारी धाकटी पहिल्या दोन पुकाऱ्यांना मुद्दाम ओ देत नसे. तिसऱ्याला मात्र सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशी ओरडायची, "हजर, आप्पा!"

त्या आप्पांचे कान आता गेले होते. कानात घालायचं यंत्र आणलं होतं, ते "कानात कुणीतरी फाइल चाळत बसतंय" अशी तक्रार नोंदवून त्यांनी खणात टाकलं. घरातली माणसं ओरडून बोलायला लागली तसे आप्पा हळूहळू खोलीतच राहायला लागले. जेवणही आत. "चालू द्या तुमचं," एवढं म्हणून दार लावून घ्यायचे. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांना ऐकवलं, त्याला 'मला ऐकू येत नाही' हे चार शब्द जड जात होते. धाकटीला तर हे कळूही द्यायचं नाही, अशी त्यांनी मुलाला आणि सुनेला शपथ घातली होती. ती उगाच काळजी करत बसेल म्हणे. दर रविवारी तिचा फोन आला की आप्पा फोन हातात घेत, "ठीक ना? ठीक. घे, दादाशी बोल," असं म्हणत आणि फोन परत देत.

गेल्या रविवारी धाकटी म्हणाली, "दादा, मी इतक्या लांब आले म्हणून आप्पा रागावलेत. धड दोन वाक्यं बोलत नाहीत माझ्याशी. मग येऊन काय करू मी? पुढच्या रविवारनंतर लगेच ऑफिसात सुट्टीचं पक्कं सांगायचंय. आप्पा नीट बोलले तर येते, नाहीतर रद्द करते."

राग नाही गं, कान गेलेत, असं हेडक्लार्कांना ओरडून सांगावंसं वाटलं. पण शपथ आड आली आणि तोंडातून निघालं ते "बघू". तक्रार विभागात इतकी वर्षं काढली की हा शब्द आपोआप येतो.

तेव्हा रविवारच्या आत आप्पांना धाकटीचा आवाज ऐकू यायला हवा होता. फोनचा नुसता आवाज पुरेना. ऑफिसातून भेट मिळालेला बिनतारी छोटा स्पीकर फोनला जोडून पाहिला, तर आप्पा म्हणाले, "कोण कुजबुजतंय?" यावर बायको म्हणाली, "एक चांगला मोठा स्पीकर आणा की विकत." आणि मग हेडक्लार्क ते वाक्य म्हणाले.

त्यांचं गणित साधं होतं. एक स्पीकर कुजबुजतो, तर पाच स्पीकर एका खोक्यात घालावेत. पाच जणांनी मिळून केलेली कुजबूज ही कुजबूज राहत नाही, हे ऑफिसात काम केलेल्या कुणालाही मान्य व्हावं. आणि पाच स्पीकर मिळवणं अजिबात अवघड नव्हतं. अलीकडे कुठलीही कंपनी कुणालाही काहीही द्यायचं झालं तर छोटा स्पीकरच देते. लोक एकदा आपल्या फोनला जोडून पाहतात, दोन गाणी ऐकतात आणि मग तो खणात पडतो तो पडतोच. तरी हेडक्लार्कांनी दारोदार जाऊन रीतसर मागणी केली.

वरच्या मजल्यावरच्या मावशींनी बदकाच्या आकाराचा पिवळा स्पीकर दिला. तो त्यांना वॉशिंग मशीनबरोबर फुकट मिळाला होता. "न्या बाई एकदाचा," त्या म्हणाल्या, "कपाट उघडलं की हे बदक माझ्याकडे टक लावून बघतं." समोरच्या दंतवैद्यांनी दिलेला स्पीकर दाढेच्या आकाराचा होता. मुळांसकट. टूथपेस्ट कंपनीनं दिला होता तो. सोसायटीच्या सेक्रेटरींकडे रंगाच्या कंपनीनं दिलेला नळकांड्यासारखा स्पीकर होता, त्यात रंगीत दिवे नाचत. त्यांनी तो दिला, पण पोचपावती लिहून घेऊन. चौथा हेडक्लार्कांचा स्वतःचा. त्यावर 'निष्कलंक सेवेबद्दल' असं छापलेलं होतं, आणि चार्जिंगची पिन धरून बसल्याशिवाय तो चार्ज होत नसे.

पाचव्यासाठी मात्र दार वाजवावं लागलं नाही. तो स्वयंपाकघरातच, फ्रिजवर होता. गुलाबी, गोल, बायकोचा. तिला बँकेनं दिलेला. ती त्यावर अधूनमधून गाणी लावी. हेडक्लार्कांनी ती बाजारात गेल्याचं पाहून तो उचलला. संध्याकाळी तिनं विचारलं, "माझा स्पीकर कुठं गेला?" तेव्हा ते म्हणाले, "तपासून देतो. आवाज जरा बसलाय त्याचा." आवाज बसला नव्हता, पण आता बसणार होता.

मग विच्छेदनाला सुरुवात झाली. इथं पहिला धक्का बसला: स्पीकरला स्क्रूच नव्हता. हेडक्लार्कांनी बदक उलटंपालटं केलं, शेपटी पिरगाळली, चोच दाबली. बदक ढिम्म. शेवटी दंतवैद्य आपली टोकदार हत्यारं एका ट्रेमध्ये नीट मांडून घेऊन आले.

"घाई करू नका," ते हळू आवाजात म्हणाले. "आधी सगळीकडून सैल करून घ्यायचं. हिसका दिला की वरचं हातात येतं आणि मुळं आत राहतात." त्यांनी बदकाच्या पोटाखालचं रबर उचकटलं. खाली स्क्रू होता. "दिसलं? हे नेहमी हिरडीखालीच असतं."

"दुखणार नाही ना?" हेडक्लार्कांच्या तोंडून निघून गेलं. दंतवैद्यांच्या हातात ती सळई पाहिली की कुणाच्याही तोंडून हेच निघालं असतं.

पोट उघडलं आणि दुसरा धक्का बसला. बदकाला बाहेरून दोन जाळ्या होत्या, पण आत आवाजाचा भोंगा एकच. दुसऱ्या जाळीमागं नुसतं प्लास्टिक. आणि तळाशी, गोंदानं चिकटवलेला, लोखंडाचा एक तुकडा. त्याला ना तार, ना काही काम. वस्तू हातात घेतली की भारदस्त वाटावी म्हणून घातलेलं वजन! हेडक्लार्क तो तुकडा तळहातावर घेऊन बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी 'निष्कलंक सेवेबद्दल' उघडला. त्यातही तसाच तुकडा होता. उलट जरा मोठाच.

"ह्याला काही अर्थ आहे का?" ते म्हणाले.

"काही माणसांचंही असंच असतं," दंतवैद्य म्हणाले. ते कुणाबद्दल बोलत होते, हे त्यांनी सांगितलं नाही आणि हेडक्लार्कांनीही विचारलं नाही.

आता एक महत्त्वाचा प्रश्न आला. प्रत्येक स्पीकरच्या आत भोंग्याला तारेनं जोडलेली एक हिरवी पट्टी होती. पट्टीवर बारीकसारीक भाग, चालू करायचं बटण आणि मुगाएवढा एक माइक होता. फोन हातात न धरता स्पीकरवरूनच बोलता यावं म्हणून तो असतो. पट्टीला बॅटरी जोडलेली. कुठल्याही जाणत्या माणसानं इथं नुसते भोंगे सुटे करून घेतले असते, पट्टी एकच ठेवली असती आणि बाकीच्या टाकून दिल्या असत्या. सुट्या भागांच्या दुकानदारानं फोनवर हेच सांगितलं होतं. पण हेडक्लार्कांनी आयुष्यभर एक तत्त्व पाळलं होतं: मूळ कागदाला जे जोडून आलंय ते सोडवायचं नाही. अर्ज पुढं जातो तो सहपत्रांसह. एकदा एका अर्जाचा नकाशा सुटला होता, तर एका गल्लीचं पाणी दुसऱ्याच गल्लीला गेलं होतं. तेव्हा पाचही स्पीकरांचा ऐवज भोंगा, पट्टी, बॅटरी आणि लोखंडाचा तुकडा यांच्यासकट, जसाच्या तसा नव्या खोक्यात बसवायचं ठरलं. दंतवैद्यांनी मान डोलावली. नस तोडू नये, असं त्यांचंही मत पडलं.

खोकं म्हणून चपलांच्या कपाटाचा खालचा खण काढला. भोकं पाडण्यासाठी स्टीलची वाटी पालथी घालून पेन्सिलीनं गोल आखले. करवतीनं कापून झाल्यावर लक्षात आलं, की वाटी भोंग्यापेक्षा चांगलीच मोठी होती. मग पुठ्ठ्याच्या कड्या आल्या, पुठ्ठ्याला गोंद आला, गोंद सुकेपर्यंत धरून बसायला बायको आली. तिनं एक हात बदकाच्या भोंग्यावर आणि एक दाढेच्या भोंग्यावर ठेवून विचारलं, "आणि माझा स्पीकर तपासून झाला का?"

"अंतिम टप्प्यात आहे," हेडक्लार्क म्हणाले.

तुटलेल्या तारांना त्यांनी सोल्डरिंगच्या गरम कावीनं डाग द्यायला घेतले आणि धुराचा वास जिन्यात गेला. पाठोपाठ सेक्रेटरी दारात उभे. हा मनुष्य नियमांवर जगणारा. "घरात ज्वलनाचं काम सुरू आहे," ते म्हणाले. "त्याला परवानगी लागते. अर्ज द्या."

हेडक्लार्कांनी अर्ज दिला. सेक्रेटरींनी तो वाचून परत केला. हे काम दुरुस्तीत मोडतं की बांधकामात, याचा खुलासा नव्हता. हेडक्लार्कांनी 'दुरुस्ती' लिहिलं. मग कशाची दुरुस्ती, ती वस्तू आधी कुठं होती, असा प्रश्न निघाला. वस्तू आधी नव्हतीच, ती नवीन होतेय, असं म्हणताच ते बांधकाम ठरलं, आणि बांधकामाला बैठक बोलवावी लागते. हेडक्लार्कांना राग यायला हवा होता. पण खरं सांगायचं तर मनातून त्यांना कौतुक वाटलं. त्यांच्याच ऑफिसात हे इतक्या सफाईनं कुणाला जमलं नसतं. शेवटी त्यांनी वस्तूचं वर्णन 'श्रवणविषयक फर्निचर' असं केलं आणि ते मंजूर झालं. मात्र शनिवारी संध्याकाळी प्रत्यक्ष पाहणी होईल, असं सेक्रेटरींनी बजावलं.

शनिवारी पाहणीला सेक्रेटरी आले, हत्यारं परत न्यायला दंतवैद्य आले, आणि मावशी आपल्या बदकाचं काय झालं ते बघायला आल्या. खण टेबलावर ठेवला होता. पाच भोंगे पाच दिशांना बघत होते. प्रत्येकाचं बटण निराळं, म्हणून हेडक्लार्कांनी सगळ्या बटणांवर एक लाकडी फूटपट्टी बसवली होती. ती दाबली की सगळे एकदम चालू. ही कल्पना त्यांना स्वतःलाच इतकी आवडली होती, की त्यांनी ती आधी दोनदा नुसतीच दाबून दाखवली.

मग खरीच दाबली. "पॉवर ऑन," एक बाई खणातून म्हणाली. मागोमाग दुसरी म्हणाली, मग तिसरी, मग चौथी. आवाज सगळ्यांचा एकच, पण कुणाची घाई कुणाला पटत नव्हती. थोड्या वेळानं त्या एकापाठोपाठ "कनेक्टेड" म्हणाल्या.

"जोडलं गेलं!" हेडक्लार्क छाती पुढं काढून म्हणाले. कोण कशाला जोडलं गेलं, हे विचारायचं भान त्या आनंदात कुणालाच राहिलं नाही. त्यांनी आपल्या फोनवर एक गाणं लावलं. गाणं फोनमधूनच वाजलं, बारीक. पाचवी बाई, 'निष्कलंक सेवे'तली, डाग देताना जळाली होती. ती काही बोललीच नव्हती.

तेवढ्यात मावशींचा फोन वाजला. मावशींनी तो कानाला लावला. "हॅलो? अगं, आवाज येत नाहीये तुझा."

आवाज सगळ्यांना येत होता. खणातून, लाकडात घुमून, खणखणीत. मावशींची बहीण विचारत होती, "काय गं, त्या खालच्या शास्त्रज्ञानं अजून इमारत पेटवली नाही का? तू दागिने पर्समध्ये भरून तयार बसलीयस म्हणालीस, म्हणून म्हटलं चौकशी करावी!"

मावशींनी पर्स पाठीमागं नेली. हेडक्लार्क पुठ्ठ्याच्या एका कडीकडे बघत राहिले. त्यांना आगीपेक्षा 'खालच्या' हा शब्द जास्त लागला.

आणि आप्पांच्या खोलीचं दार उघडलं. "कुणाचे दागिने?" असं विचारत आप्पा बाहेर आले आणि येऊन सरळ खणासमोरच्या खुर्चीत बसले. हॉलमधली ती खुर्ची कित्येक महिने रिकामी होती. पण त्याकडे लक्ष द्यायला सवड कुणाला? दंतवैद्यांचा फोन वाजला होता.

"डॉक्टर, उद्या तुमची दाढ काढायची आहे ना?" खणातली एक मुलगी गोड आवाजात म्हणाली. "मागच्या वेळी तुम्ही खुर्चीतून उठून पळून गेलात, म्हणून आमच्या डॉक्टरांनी विचारलंय, या वेळी तुमच्याबरोबर कुणी मोठं माणूस येईल का?"

दंतवैद्यांनी हत्यारांचा ट्रे छातीशी धरला. आप्पांच्या खांद्यांना आधी थोडा हिसका बसला, मग ते हलायला लागले. आप्पा हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते.

"म्हणूनच मी फोनवर खाजगी असं काही बोलतच नाही," सेक्रेटरी गंभीरपणे म्हणाले. "नियम म्हणजे—"

त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो घाईघाईनं बंद करायला म्हणून दाबला, पण दाबलं ते भलतंच. "बाळ," सेक्रेटरींच्या आई खणातून म्हणाल्या, "लोकरीचं बनियन घातलंस का रे आज? आणि माझ्या सोन्याचं पोट साफ झालं का?"

सेक्रेटरींनी फोन खिशात कोंबला. आप्पांनी पाय पसरले, हात पोटावर ठेवले आणि विचारलं, "पुढचा पुकारा कुणाचा?"

पुढचा कुणी थांबलाच नाही. माणसं जिना उतरून आणि चढून गेली तसा खणही गप्प झाला. दारातून वळून सेक्रेटरींनी आदेश दिला. हे फर्निचर रहिवाशांच्या खाजगी आयुष्यात लुडबुड करतं. सबब उद्यापर्यंत ते मोडावं आणि ज्याचा स्पीकर त्याला मूळ स्थितीत परत करावा. बनियनच्या उल्लेखानंतरही त्यांनी 'सबब' म्हटलं, ही गोष्ट मानलीच पाहिजे.

"अहो, पट्ट्या तशाच ठेवल्यात ना तुम्ही," बायको म्हणाली. तिला सगळा प्रकार तेव्हाच कळला होता. "त्या आपल्या मालकाला ओळखतात. एकदा ज्या फोनला जोडल्या, तो जवळ आला की आपणहून जाऊन चिकटतात. ज्याचा स्पीकर, त्याचा फोन."

"म्हणजे सगळ्या इमारतीचे आवाज येणार," हेडक्लार्क म्हणाले, "फक्त माझा येणार नाही." त्यांच्या डोळ्यांसमोर गुलाबी स्पीकर आला. पण ही ती गोष्ट काढायची वेळ नव्हती. त्यांना जेवण गेलं नाही. धाकटीचा फोन दुसऱ्या दिवशी यायचा होता आणि हातात होता चपलांचा एक खण. खोट्या वजनाबद्दल स्पीकरांना नावं ठेवली, त्यात आपलंच वजन किती ते कळलं, असं काहीबाही त्यांच्या मनात येत राहिलं. आप्पा त्या दिवशी सगळ्यांबरोबर टेबलावर जेवायला बसले होते, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. बायकोच्या आलं. तिनं आप्पांना दुसऱ्यांदा वाढलं.

रविवारी विकत आणायचा प्रश्न आला. अगदी आलाच. हेडक्लार्कांनी शर्ट चढवला. धाकटीचा फोन यायला अजून बराच अवकाश होता, तोवर दुकानातून तयार स्पीकर आणायचा आणि मान खाली घालून परत यायचं, असा त्यांनी निश्चय केला होता. पण कपाटाचा खण काढल्यापासून घरातल्या चपला कुठं असतात ते कुणालाच माहीत नव्हतं. ते एक चप्पल शोधत सोफ्याखाली वाकले होते. आप्पा मात्र उठल्यापासून खणासमोरच्या खुर्चीत होते. थोडा वेळ काही वाजलं नाही की तो खण आपोआप बंद पडे. तो बंद पडला की आप्पा फूटपट्टी दाबत. बाया "पॉवर ऑन" म्हणत. आणि आप्पा पुढच्या प्रकरणाची वाट बघत.

स्वयंपाकघरात बायकोचा फोन वाजला.

"वहिनी, एकटी आहेस ना?" खण म्हणाला. "दादाला कळू देऊ नकोस, तो उगाच धावपळ करेल."

हेडक्लार्क सोफ्याखालून असे झटकन वर आले, की त्यांचं डोकं आपटलं. गुलाबी! गुलाबी पट्टी! आतून बायको "हॅलो? हॅलो? अगं, काहीच ऐकू येत नाही" असं म्हणत होती, आणि इथं हॉलमध्ये धाकटी उत्तराची वाट न बघता बोलत होती, खोली भरून.

"मी सुट्टी रद्द करतेय. आप्पांना माझा आवाजही नको झालाय गं. मी इथं आले, त्यांना विचारलं नाही, चुकलंच माझं. पण इतका राग? दर रविवारी मी दिवसभर ठरवते, आज हे सांगायचं, ते सांगायचं, आणि ते म्हणतात ठीक ना, ठीक."

हेडक्लार्कांनी बंद करायला हात पुढं केला. मनगट मध्येच धरलं गेलं. आप्पांच्या बोटांत एवढी ताकद शिल्लक असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"काय म्हणतेय ही?" आप्पा म्हणाले. "मी रागावलोय?"

शपथ होती. पण शपथ धाकटीला न सांगण्याची होती, आप्पांना न सांगण्याची नव्हती. ऑफिसात शिकलेलं सगळंच काही वाया जात नाही. "हो, आप्पा," हेडक्लार्क त्यांच्या कानाशी जाऊन ओरडले. "तिला तसंच वाटतंय. तुम्ही बोलत नाही म्हणून!"

आप्पा खुर्चीचे हात धरून उठले. सदरा खाली ओढून नीट केला, गळ्याचं बटण लावलं. कोर्टाच्या दारात उभे राहायचे तसे ते चपलांच्या खणासमोर ताठ उभे राहिले आणि त्यांनी श्वास घेतला.

"धाकटी, हजर व्हा!"

खिडक्यांच्या काचा थरारल्या. वरच्या मजल्यावर काहीतरी पडलं. खण एकदम गप्प झाला.

"धाकटी, हजर व्हा!"

खणातून नुसता श्वास ऐकू येत होता. ती रडत होती की हसत होती, ते कळायला मार्ग नव्हता. स्वयंपाकघराच्या दारात बायको फोन कानाला लावून तशीच उभी राहिली. हेडक्लार्कांच्या हातात चप्पल होती आणि ती कुठं ठेवावी ते त्यांना सुचेना.

तिसऱ्या वेळी आप्पांचा आवाज जरा चिरकला. "धाकटी... हजर व्हा."

"हजर, आप्पा!" खण ओरडला. सगळ्या मैदानाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

"अगं, राग कसला?" आप्पा म्हणाले. "मला ऐकू येत नाही. कान गेलेत माझे. ठीक ना म्हणत होतो, कारण तू काय म्हणतेस ते कळतच नव्हतं. लाज वाटत होती, म्हणून सांगितलं नाही. आता सांग बघू सगळं, जे जे राहिलंय ते. आणि सुट्टी रद्द केलीस तर मात्र खरंच रागावेन."

दारात सेक्रेटरी येऊन उभे होते. त्यांच्यामागं मावशी, आणि गालावर हात धरलेले दंतवैद्य. एवढा मोठा आवाज कशाचा, असं विचारायला सेक्रेटरींनी तोंड उघडलं. हेडक्लार्क चप्पल हातात तशीच धरून त्यांना सामोरे गेले. आज त्यांची छाती आपोआप पुढं आली होती.

"तक्रार असेल तर लेखी द्या," ते म्हणाले. "सहपत्रांसह." मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, पण त्यांनी बाजूला होऊन तिघांनाही आत घेतलं. तिघं भिंतीला टेकून उभे राहिले. सेक्रेटरींनी सर्वांसमक्ष आपला फोन बंद केला.

धाकटी बोलत होती, बोलतच होती. नोकरीचं, घराचं, शेजाऱ्यांचं. आप्पा मान हलवत होते, मध्येच प्रश्न विचारत होते, हसत होते. एकदा तिनं थांबून विचारलं, "पण आप्पा, मग आज कसं ऐकू येतंय तुम्हाला?"

आप्पांनी त्या खणाकडे पाहिलं. पुठ्ठ्याच्या कड्या, गोंदाचे ओघळ, सेक्रेटरींच्या पट्टीवरचे नाचणारे रंगीत दिवे, लोखंडाचे पाच तुकडे आणि वर फूटपट्टी. मग त्यांनी मुलाकडे पाहिलं.

"तुझ्या दादानं केलंय," ते म्हणाले.

"काय केलंय?"

"ते नक्की सांगता यायचं नाही," आप्पा म्हणाले. "पण चांगलं केलंय."